‘मला’ आणि ‘नव्हतं’ यांच्यामध्ये

रेघेला मुद्दाम दिलेला आकडा होता तो, की पेन्सिलीचा नुसता अडखळा… भिंग वर उचललं की रेघ सरळ दिसायची, खाली नेलं की तिच्या पोटाशी बारीकसा बाक आल्यासारखा वाटायचा — मुंगीच्या पायाएवढा, तोही दुमडलेल्या. तिनं वही खिडकीकडे सरकवली, मग पुन्हा दिव्याखाली आणली. लघुलिपीत शब्दांची हाडं तेवढी कागदावर येतात, मांस मागाहून आठवणीनं चढवायचं असतं. आणि आठवण ताजी असली की हे काम इतकं सोपं की अठ्ठावीस वर्षांत तिला भिंग काढावं लागलं ते दोनदाच — एकदा चष्म्याचा नंबर बदलला तेव्हा, आणि आज. बाक असेल तर तो ‘व’. नसेल तर काहीच नाही. साक्षीदार म्हणाला होता, ‘खाली माणसं काम करताहेत हे मला कळवलं नव्हतं.’ किंवा म्हणाला होता, ‘हे मला कळलं नव्हतं.’

साक्षीदार म्हणजे धरणाच्या दरवाज्यांवरचा माणूस. वरून हुकूम आला, त्यानं चाक फिरवलं, पाणी सुटलं, आणि खाली पात्रात पुलाच्या खांबाची डागडुजी करणारे नऊ मजूर वाहून गेले. चौकशी समिती नेमली गेली; सहा सभासद सरकारपक्षाचे, पाच विरोधी. समितीचा अहवाल निघायच्या आधीच दोन्ही बाजूंनी आपापली टिपणं वर्तमानपत्रांकडे पोचवली — सरकारपक्षाचं एकोणीस पानांचं, विरोधकांचं तेवीस. इतिवृत्त अजून तयारच नव्हतं, तेव्हा ज्याच्या कानावर जे पडलं ते त्यानं लिहिलं. दोन्हींकडे दिवस तोच, साक्ष तीच, वाक्य तेच, एका अक्षराचा काय तो फरक. सरकारपक्षाचं म्हणणं, हा माणूस स्वतःच कबूल करतोय की त्याला कळलं नाही — खोलीला खिडकी, खिडकीसमोर नदी, आणि कळलं नाही? याला गाफीलपणा नाही तर काय म्हणायचं. विरोधकांचं म्हणणं, त्याला कळवलंच नव्हतं, आणि कळवायचं काम होतं मंत्र्यांच्या कचेरीचं. ध्वनिमुद्रणात नेमकी त्याच क्षणी कुणीतरी खुर्ची मागे सरकवली होती. ‘मला’ ऐकू येत होतं, ‘नव्हतं’ ऐकू येत होतं, आणि मधे लाकडाचा लांबलचक करकराट.

दोघी लघुलेखिका दहा-दहा मिनिटं आळीपाळीनं बसायच्या. ती दहा मिनिटं तिची होती.

सकाळी समितीच्या सचिवांनी तिला बोलावून घेतलं. साक्षीदाराला परत आणून विचारावं अशी सूचना आली होती म्हणे, पण दोन्ही बाजू एकदम नको म्हणाल्या — प्रत्येकीला वाटत होतं की एव्हाना दुसरीनं त्याला पढवलं असणार. दोन महिन्यांत त्यांचं एकमत झालं ते एवढ्यावरच. समितीची मुदत आज संपत होती. सचिवांनी टेबलावरची दोन्ही टिपणं एकावर एक ठेवली, कडा जुळवल्या, आणि म्हणाले, “हे पाहा बाई, मला यांच्या भांडणात पडायचं नाही. तुम्ही जे ऐकलंत ते टाइप करून, खाली सही करून चार वाजेपर्यंत द्या. तुमचा शब्द शेवटचा.”

शेवटचा. तिला हसू आलं होतं. इतकी वर्षं समित्यांच्या खोलीत बसून तिचा एक शब्दही कुठे उमटला नव्हता, आणि तोच तर तिचा अभिमान होता. नवीन मुली विचारायच्या, इतका आरडाओरडा चालू असताना तुम्हाला सुचतं कसं? ती सांगायची, अर्थ ऐकायचाच नाही. अर्थ ऐकू लागलं की हात मागे पडतो. माणूस रडत असला तरी आपण रेघा ओढायच्या. एकदा एक आई साक्षीला आली होती, वाहून गेलेल्यांपैकी सर्वांत लहान मजुराची — ती बोलत असताना दुसरी लघुलेखिका आपल्या पाळीत डोळे पुसायला थांबली, तिची साडेतीन वाक्यं गेली. माझ्या पाळीतलं एकही गेलं नाही. घरी येऊन जेवताना आठवून पाहिलं तर ती आई काय म्हणाली ते काही आठवेना. वहीत होतं सगळं.

घरी तर ती या विषयावर मुळीच बोलत नसे. बोलायची गरजही नव्हती — नवरा आणि दीर दोघं मिळून पुरेसे होते. नवरा औषधांच्या दुकानात बसायचा आणि सरकारपक्षाचा. दीर शाळेतून निवृत्त झालेला आणि हाडाचा विरोधक. सकाळी एकच वर्तमानपत्र दोघांत फाडून वाटून घेतलं जाई, आणि मग आपल्या वाट्याला आलेल्या अर्ध्यावरून प्रत्येकजण दुसऱ्याच्या अर्ध्याला खोटं पाडी. टिपणं दोघांनीही वाचलेली नव्हती, पण तोंडपाठ होती. आज सकाळीही तेच. नवरा म्हणाला, खिडकी आहे ना खोलीला, मग? दीर म्हणाला, खिडकी बघायचा पगार देत नाहीत कुणी, चाक फिरवायचा देतात. मग दोघांनी मिळून तिच्याकडे पाहिलं. “वहिनी, तुम्ही होतात तिथे. एकदा सांगून टाका, म्हणजे याचं तोंड बंद होईल,” असं दीर म्हणाला, आणि ती चहाचा कप विसळत राहिली. कुणाचं तोंड बंद होईल ते त्यानं इतक्या खात्रीनं ठरवलेलं बघून तिला त्याचा जरासा हेवा वाटला होता.

अकरा वाजता चष्मेवाले सभासद टंकलेखनाच्या खोलीत आले, सरकारपक्षाचे. ते खुर्ची ओढून अदबीनं बसले, तिच्या निवृत्तीला किती महिने राहिले ते विचारलं, आणि उठताना म्हणाले की ताई, माणूस अडाणी आहे, ‘कळवलं’ असा शब्द त्याच्या तोंडी येईल का, तुम्हीच विचार करा. साडेबाराला दुसरे आले, जाड आवाजाचे. ते बसले नाहीत. नऊ माणसं मेली आहेत मॅडम, आणि एक अक्षर तुमच्या हातात आहे, एवढंच त्यांचं म्हणणं. दोघांचंही ऐकताना तिच्या लक्षात आलं की दोघंही साधारण खरं बोलत होते. तरीही दोघांनाही त्या माणसाशी काही देणंघेणं नव्हतं. आणि मला? मला तरी…

तिनं भिंग खाली ठेवलं.

कारण आकड्याचा प्रश्न खरा नव्हताच. आकडा आहे असं धरलं, अगदी ठसठशीत आहे असं धरलं — तरी तो कुणाचा? हे तिला सकाळपासून माहीत होतं, भिंग हातात घेतल्यापासून, कदाचित त्या दिवसापासूनच. साक्षीदार म्हणाला, ‘खाली माणसं काम करताहेत हे मला —’ आणि त्या ‘मला’पाशी तो थांबला. फार नाही, एक श्वासभर. त्या श्वासात तिचा हात पुढे गेला होता. अठ्ठावीस वर्षांत कधी न झालेली गोष्ट. तो बोलायच्या आधी तिनं वाक्य पुरं केलं होतं, कारण ते तिचंच वाक्य होतं. मला कळवलं नव्हतं. अकरा वर्षं ती हे वाक्य म्हणत आली होती, नातेवाइकांत, शेजारणींत, आणि कुणी नसलं की स्वतःशी.

वडील गेले तेव्हा विधानसभेचं अधिवेशन चालू होतं. दादा गावी, वडिलांपाशी. ती इथे, दिवसाला चौदा तास वहीवर वाकलेली. ती पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं, पुढच्या खोलीत माणसं बसली होती आणि दादा दारात उभा होता. तिनं चप्पलही काढली नाही. सगळ्यांदेखत म्हणाली, “मला कळवलं नाहीस तू.” दादा नुसता बाजूला झाला, तिला आत जायला वाट दिली. त्यानंतर दोघांत बोलणं राहिलं नाही. लग्नकार्यात समोरासमोर आली तर तो पोरांची चौकशी करायचा, तीही एखाद्या तिसऱ्याच्या आडून.

पण फोन आला होता. मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीत, कचेरीच्या फोनवर. दादा म्हणाला होता, “बाबा तुझी आठवण काढतात. सवड झाली की ये.” आणि ती म्हणाली होती, अठराला अधिवेशन संपतंय, एकोणीसला निघते. पंधराला ते गेले. दादाचं ते वाक्य तिला जसंच्या तसं पाठ होतं, शब्दाला शब्द, तिचा धंदाच तो — त्यात आजारपण नव्हतं, डॉक्टर नव्हता, घाई नव्हती. कुठल्याही समितीपुढे तिनं ते वाचून दाखवलं असतं आणि समितीनं मान्य केलं असतं की बाईंना कळवण्यात आलेलं नाही. शब्द सगळे होते. दादासारखा माणूस, जो कधी कुणाला बोलवत नसे, तो कचेरीत फोन करून ‘ये’ म्हणतो…

कळलं नव्हतं, असंही म्हणता आलं असतं.

अडीचला ती पाणी भरायला व्हरांड्यात आली तर बाकावर तो बसलेला. धरणावरचा माणूस. साक्षीच्या हजेरीचा दाखला न्यायला आला होता. निलंबित असला तरी त्याच्या कचेरीला तो लागायचा. मांडीवर एक पुठ्ठ्याची फाइल, तिच्यावर दोन्ही हात. साक्षीदाराशी बोलायचं नाही असा नियम. ती तशीच पुढे गेली असती, पण त्यानंच तिला ओळखलं आणि उठून उभा राहिला.

“बाई, तुम्ही लिहीत होतात ना? मी बोललो ते सगळं आलं ना त्यात?”

ती म्हणाली, “एक शब्द राहिलाय.” आणि मग, नियम मोडलाच आहे तर नीट मोडावा अशा शांतपणे, तिनं विचारलं की तो काय म्हणाला होता.

त्यानं फाइलीची गाठ सोडली, पुन्हा बांधली.

“वकील म्हणतात, कळवलं. पेपरात दोन्ही आलंय. मी इतक्यांदा वाचलं बाई, की मी काय बोललो ते आता माझं मलाच सांगता येत नाही.” मग तो तिच्याकडे न बघता म्हणाला, “फोन कुणाचा आला नव्हता, हे खरं आहे. पण खिडकी होती. सकाळी मी ती उघडली होती, हवा यावी म्हणून. बाहेर बघितलं असेल ना मी? माणूस खिडकी उघडतो तेव्हा बघतोच की.”

दाखला देणाऱ्या कारकुनानं आतून हाक मारली. तो गेला. ती रिकामी बाटली हातात धरून नळापाशी तशीच उभी राहिली, आणि तिला जाणवलं की तो काय म्हणाला ते तिच्या हातानं टिपलं नव्हतं, ते दुसरीकडेच कुठेतरी जाऊन बसलं होतं, जिथून ते काढून कुणाला टाइप करून देता येणार नाही.

टंकयंत्रापुढे तिनं ते पान तीनदा लावलं. ‘व’ घातला तर तो माणूस कदाचित सुटेल. कदाचित नाहीच — वीस दिवस ते एक अक्षर इकडून तिकडे फेकलं जाईल आणि मग दुसरं काही सापडेल. ‘व’ नाही घातला तर चष्मेवाले उद्या तिचं नाव आदरानं घेतील. तिला कुणाच्या बाजूनं व्हायचं नव्हतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिला शंका आली की बाजूला राहणं हीसुद्धा नुसती सवय असेल, जसं कुणाला पाय हलवायची असते. चार वाजायला दहा मिनिटं असताना तिनं लिहिलं: ‘खाली माणसं काम करताहेत हे मला (ऐकू आले नाही) नव्हतं.’ आणि खाली सही केली.

सचिवांनी वाचलं. चष्मा काढून पुन्हा वाचलं. “इतक्या वर्षांत तुमच्या कागदावर हे कधी पाहिलं नव्हतं,” ते म्हणाले, आणि कागद पाकिटात घातला.

संध्याकाळी ती घरी पोचली तोवर बातमी तिच्या आधी पोचली होती. वादग्रस्त वाक्य इतिवृत्तातून गाळलं, असं टीव्ही सांगत होता, आणि दोन्ही पक्षांचे लोक दोन चौकटींत बसून, हे दुसऱ्याचंच कारस्थान, असं एकाच वेळी बोलत होते. नवरा आणि दीर तेच बोलत होते, जरा हळू आवाजात. दीर म्हणाला की वरून दबाव आला, शब्द दाबला. नवरा म्हणाला की त्या शब्दानं यांचं टिपण उघडं पडलं असतं, म्हणून यांनीच गोंधळ घातला.

तिनं पिशवी खुंटीला लावली.

“गाळला नाही कुणी,” ती म्हणाली. “मला ऐकू आला नाही.”

घरात या विषयावर तिनं उच्चारलेलं हे पहिलं वाक्य होतं. नवऱ्यानं टीव्हीचा आवाज कमी केला. “पण तू तर तिथेच होतीस,” तो म्हणाला, भांडणाच्या सुरात नाही, खरोखरच कळत नसल्यासारखा.

“होते,” ती म्हणाली, आणि आतल्या खोलीत गेली.

दिवा न लावता ती पलंगाच्या कडेवर बसली. बाहेर थोड्या वेळानं पुन्हा सुरू झालं, आधी दीर, मग नवरा. आता त्यांना नवा मुद्दा मिळाला होता, की ऐकू न येणं हे कुणाच्या सोयीचं. तिनं दादाचा आवाज आठवून पाहिला. सवड झाली की ये. शब्द आले, लगेच, ओळीनं, नेहमीसारखे. पण आवाज येईना. तो ‘ये’ कसा म्हणाला होता — तोडून, की लांबवून? त्याच्या आधी थांबला होता का? त्या वेळी मागे कचेरीत कुणी बोलत होतं, टंकयंत्रं चालू होती, आणि तिच्या एका हातात घास होता. तिनं पुन्हा सुरुवातीपासून घेतलं. बाबा तुझी आठवण काढतात… इथे त्यानं श्वास घेतला असणार. असेलच असं नाही. अकरा वर्षं हे वाक्य तिच्याकडे सही-शिक्क्यासकट पुरं होतं, आणि आता त्यात मधे कुठेतरी एवढीशी जागा मोकळी झाली होती, जिथे काय होतं ते तिला सांगता येत नव्हतं. आश्चर्य म्हणजे तिला ती भरायची घाई नव्हती. ती तिथेच कान लावून बसली, अर्थ ऐकायला, हात मांडीवर उताणे.