भाऊंच्या हाताची गाडी

"काय होतंय ते नीट सांगा," वहिनी म्हणाल्या.

"चिडचिड करतेय," भाऊ म्हणाले.

"कोण?"

"गाडी गं, दुसरं कोण? वळणावर चिडचिड करतेय आणि उडी मारली की रुसल्यासारखं नाक खाली घालतेय."

जेवणाच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र अंथरलं होतं आणि गाडी त्यावर उताणी पडली होती. हातभर लांबीची, रिमोटवर पळणारी बग्गी. मोठ्या माणसांनी मातीच्या ट्रॅकवर, खड्ड्यांतून आणि उंचवट्यांवरून उडवत पळवायची. तिच्या चार चाकांना चार शॉक. मोटरसायकलला असतात तसेच, फक्त करंगळीएवढे: बाहेर स्प्रिंग, आत तेल आणि तेलातून वरखाली होणारी भोकं पाडलेली चकती. वहिनींनी मागचा एक शॉक उघडून जुनं तेल वाटीत ओतलं, नवं भरलं आणि चकतीची दांडी सावकाश खालीवर करत आतले बुडबुडे वर येऊ दिले. या वेळी टेबलाला कोणी धक्का लावायचा नाही, असा घरचा नियम होता. भाऊंनी चहाचा कप ठेवला तेव्हा तेल डचमळलं आणि वहिनींनी नुसतं वर पाहिलं. भाऊ कप उचलून खिडकीशी जाऊन उभे राहिले.

असल्या तक्रारींची वहिनींना सवय होती. दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात मागच्या खोलीत बसून त्या कवळ्या बनवत, आणि तिथे येणारी माणसंही असंच बोलत. नेमकं कुठे बोचतंय ते कोणालाच सांगता येत नाही. मग निळा कागद दातांत द्यायचा, "चावून दाखवा" म्हणायचं, डाग कुठे उमटतो ते बघायचं आणि तिथे घासायचं. माणसाला विचारण्यात अर्थ नाही, डागाला विचारावं, असं त्या म्हणत. भाऊंच्या बाबतीत हा डाग म्हणजे त्यांचे अंगठे होते.

रविवारी ट्रॅकवर सगळे गाड्यांकडे बघत. वहिनी कुंपणाला टेकून भाऊंच्या अंगठ्यांकडे बघत. भाऊंचा रिमोट जुन्या पद्धतीचा, दोन दांड्यांचा. उजव्या अंगठ्यानं वळवायचं, डाव्यानं वेग द्यायचा. उजवा अंगठा वळण तोंडावर येईपर्यंत स्वस्थ बसायचा आणि मग झोपेतून दचकून उठल्यासारखा दांडी एकदम टोकाला न्यायचा. डावा ऐन उडीच्या वेळी घाबरून सुटायचा. भाऊंना यातलं काही ठाऊक नव्हतं. आपण फार शांतपणे चालवतो अशी त्यांची समजूत होती. आता 'तुमचा अंगठा धांदरट आहे' असं नवऱ्याला तोंडावर सांगून संसार होत नाही. म्हणून वहिनींनी पुढच्या स्प्रिंगा कडक केल्या, म्हणजे दांडी हिसडली तरी गाडी गिरकी घेणार नाही. मागे मऊ स्प्रिंग आणि दाट तेल घातलं, म्हणजे उडीत मागची बाजू वर फेकली जाऊन नाक खाली जाणार नाही. बारा-तेरा वर्षं हे चाललं होतं. शॉकचं वरचं टोक सांगाड्याच्या या भोकातून शेजारच्या भोकात, तेल जरा दाट, जरा पातळ. भाऊंचा एकेक दोष त्यांनी असा पोटात घातला होता, आणि ट्रॅकवरचे लोक म्हणत, "काय हात आहे भाऊंचा! लोणी!"

एकदा बक्षीस घेताना कोणीतरी भाऊंना विचारलं होतं, सस्पेन्शनचं काम कोणाकडून करून घेता? "छे हो, घरच्या घरीच करतो," भाऊ म्हणाले. त्यात खोटं काहीच नव्हतं. वहिनीही इतरांबरोबर हसल्या होत्या.

क्लबच्या वार्षिक शर्यतीला थोडे दिवस उरले असताना भाऊ बाथरूममध्ये घसरले आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर थेट अंगठ्यापर्यंत. हाड जुळेल म्हणून डॉक्टरांनी सांगितलं, पण भाऊंना हाडाचं काही नव्हतंच. वर्षभर वाट बघितलेली शर्यत हुकणार म्हणून ते लहान मुलासारखे फुरंगटून बसले. मुलीचा फोन आला तेव्हा तो स्पीकरवर टाकून तिच्यापुढेही तेच रडगाणं.

"मग आई चालवेल की," मुलगी म्हणाली.

"मी? मला काय कळतं त्यातलं?" वहिनी म्हणाल्या, आणि हे वाक्य इतक्या सहज तोंडातून आलं की त्यांचं त्यांनाच चमत्कारिक वाटलं. मुलगी शाळेत असताना तिनं एकदा ट्रॅकवर रिमोट आईच्या हातात कोंबला होता, "एक तरी फेरी मार ना गं." तेव्हाही वहिनी हेच म्हणाल्या होत्या, आणि वर म्हणाल्या होत्या, माझे हात तेलकट आहेत. हात तेलकट होते हे खरं. पण हात धुता येतात.

"खरंच चालव गं तू," भाऊ म्हणाले. "गाडी काय माझ्या एकट्याची आहे? तुझीच तर आहे." ते अगदी मनापासून म्हणाले. भाऊ मनानं वाईट नव्हते. असते तर गोष्ट सोपी झाली असती.

वहिनी उठून ओट्याशी गेल्या. भांडी घासताना त्यांना कळलं की आपल्याला हे हवंय. नुसतं हवं नाही, फार हवंय. साठीला टेकल्यावर हे कळलं म्हणून त्यांना राग आला. कोणाचा, ते मात्र नीट सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ट्रॅक रिकामा होता. सरावाला आलेले क्लबातले गुरांचे डॉक्टर तेवढे आपली गाडी पुसत बसले होते. वहिनी लाकडी चौथऱ्यावर चढल्या, रिमोट हातात घेतला आणि गाडी सोडली. पहिल्याच वळणाआधी त्यांनी उजवा अंगठा अलगद, वेळेवर, डावीकडे नेला. गाडी सरळ गेली आणि कडेच्या पाइपावर आपटली. पुन्हा सोडली, पुन्हा पाइप.

"वहिनी, असं गोडीगुलाबीनं नाही ऐकायची ती!" डॉक्टर खालून ओरडले. "भाऊंसारखा हिसडा द्या!"

तिसऱ्या वेळी वहिनींनी थांबून, वळण अंगावर येऊ देऊन, दांडी एकदम टोकाला नेली. गाडी झोकात वळली. म्हणजे गाडीत बिघाड नव्हता. हळू सांगितलेलं तिला ऐकू येऊ नये, अशीच ती त्यांनी बनवली होती. वहिनींना आधी हसू आलं. मग दोन फेऱ्या त्यांनी भाऊंसारख्या चालवल्या, गाडी सुरेख धावली, आणि त्यांना अजिबात मजा आली नाही.

घरी आल्यावर त्यांनी भाऊंना सगळं सांगितलं. भाऊ म्हणाले, "त्यात काय एवढं! तुला हवी तशी करून घे. तुला कशी हवी?"

प्रश्न साधा होता. वहिनींनी स्प्रिंगांचा डबा उघडला, कडक एका बाजूला, मऊ एका बाजूला मांडल्या, तेलाच्या बाटल्या ओळीनं ठेवल्या आणि बसून राहिल्या. भाऊंना कशी हवी हे त्यांना झोपेतून उठवलं असतं तरी सांगता आलं असतं. डॉक्टरांना कशी हवी हेही सांगता आलं असतं. स्वतःचं उत्तर येईना. चालवताना डोळे गाडीवर असतात. स्वतःचा अंगठा स्वतःला दिसत नाही. तो कोणीतरी बघावा लागतो.

"उद्या माझ्याबरोबर चला," त्या म्हणाल्या. "कुंपणाशी उभं राहायचं. गाडीकडे बघायचं नाही. माझ्या अंगठ्यांकडे बघायचं. वळणाआधी कधी हलतो, किती हलतो, उडीला धरून ठेवते की सोडते. बस."

"एवढंच ना?"

"एवढंच."

भाऊंनी प्लास्टरचा हात टेबलावर ठेवला. "पण अंगठ्यावरून काय कळणार?"

"तुमची गाडी मी कशावरून करते?"

"कशावरून?"

"तुमच्या अंगठ्यांवरून."

"इतकी वर्षं?"

"इतकी वर्षं."

"मला वाटायचं तू शर्यत बघतेस," भाऊ म्हणाले. त्यांचा चेहरा बघून वहिनींना क्षणभर त्यांचीच दया आली.

त्या रात्री त्यांनी गाडीचं सगळं मधलं केलं. मधली स्प्रिंग, मधलं तेल, मधलं भोक. खोक्यातून नवी निघाली होती तशी. कुठून तरी सुरुवात करायची, मग भाऊ सांगतील त्याप्रमाणे एकेक बदलत न्यायचं. नव्या माणसाची कवळी त्या अशीच सुरू करत.

संध्याकाळी भाऊ कुंपणाशी उभे राहिले. वहिनींनी अंगठा अलगद हलवला आणि या वेळी गाडीनं ऐकलं. पूर्ण नाही, पण ऐकलं. लांब सरळ पट्टा, मग जोड उंचवटा, एकाला लागून दुसरा. डावा अंगठा सोडायचा नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं आणि तो सुटला की नाही हे त्यांना कळलंच नाही, कारण गाडी हवेत होती. आपल्याला हे आवडतंय, त्यांच्या मनात आलं. अजून थोडी चपळ हवी का? की अजून थोडी मऊ? भाऊ सांगतील.

धापा टाकत त्या खाली आल्या. "काय दिसलं?"

"अगं, काय उडाली!" भाऊंचे डोळे चमकत होते. "जोड उंचवटा एका झेपेत! मला तरी जमलं होतं का कधी?"

"आणि अंगठा?"

"अंगठा..." भाऊ घुटमळले. "चांगला होता की."

"चांगला म्हणजे? आधी हलत होता की उशिरा?"

भाऊंनी मान खाली घातली. "उद्या बघतो. नक्की बघतो, शप्पथ."

दुसऱ्या दिवशी त्यांनी खरोखर प्रयत्न केला. वहिनींना डोळ्यांच्या कोपऱ्यातून ते दिसत होते. पहिल्या वळणापर्यंत बिचारे नेटानं अंगठ्याकडे बघत राहिले. मग गाडी उसळली आणि त्यांची मान तिच्यामागे गेली. पुन्हा आणली, पुन्हा गेली. जन्मभर त्या चौथऱ्यावरून गाडीच बघितलेला माणूस, त्याला दुसरं काही बघायला शिकवलं कोणी? वहिनींनी नंतर काही विचारलं नाही आणि भाऊंनीही विषय काढला नाही. तिसऱ्या दिवसापासून त्या एकट्याच जाऊ लागल्या.

शर्यत त्यांनी मधल्या स्प्रिंगांवरच केली. ना पुढे, ना शेवटी, मधेच कुठेतरी आल्या. चौथऱ्यावरून उतरल्यावर टाळ्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, "वहिनी, पहिल्याच वेळी? कमाल केलीत!" भाऊ तर डाव्या हातानं लोकांच्या पाठी थोपटत होते, जणू मुलीचं लग्नच ठरलंय. वहिनी सगळ्यांशी हसून बोलल्या. त्यांना वाईट वाटत होतं, आणि ते हरल्याचं नव्हतं. टेबलाशी हात अजून चालत होते, पण ट्रॅकवर दूरच्या वळणावर गाडी आता धूसर दिसायची आणि बोटं एक क्षण मागे राहायची. आपल्या हाताची म्हणावी अशी गाडी कशी असते, हे शोधायला काही वर्षं लागतात. ती वर्षं होती तेव्हा त्या कुंपणाशी उभ्या होत्या. कोणी अडवलं नव्हतं. कोणी बोलावलंही नव्हतं, आणि मुलीनं बोलावलं तेव्हा त्या गेल्या नव्हत्या.

भाऊंचं प्लास्टर निघालं त्याच संध्याकाळी वहिनी पुन्हा टेबलाशी बसल्या. पुढे कडक, मागे मऊ, मागचं तेल दाट.

"राहू दे की तुझंच सेटिंग," भाऊ शेजारी उभे राहून म्हणाले. "मी घेईन जमवून."

"माझं कुठलं? ते कंपनीचं होतं," वहिनी म्हणाल्या आणि स्क्रू घट्ट केला.

रविवारी ट्रॅकवर गर्दी होती. भाऊ चौथऱ्यावर चढले. बारीक झालेल्या मनगटाकडे बघून कोणीतरी चेष्टा केली, त्यांनीही परत केली. वहिनी कुंपणाशी आल्या आणि त्यांची नजर आपसूक भाऊंच्या हातांवर गेली. उजवा अंगठा दांडीवर येऊन टेकला होता. शिट्टी झाली.

वहिनींनी मान वळवली आणि गाडीकडे पाहिलं.

ती पहिल्या वळणातून निघाली, मातीचा फवारा उडवत सरळ पट्ट्यावर आली. जोड उंचवट्यावर चारही चाकं जमिनीवरून सुटली, शॉक पूर्ण लांब झाले, आणि गाडी अगदी सपाट, नाक सरळ ठेवून हवेतून गेली. उतरताना स्प्रिंगा दबल्या, पोट मातीला लागतंय न लागतंय तोच वर आलं आणि ती पुढे पळालीसुद्धा. वहिनींनी ही गाडी असंख्य वेळा उघडली होती, पुसली होती, जोडली होती. तिला उडताना त्यांनी कधी नीट पाहिलंच नव्हतं. किती छान केलीय मी, त्यांच्या मनात आलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. सगळ्या फेऱ्या त्यांनी तशाच, पुसट दिसणाऱ्या गाडीवर नजर ठेवून पाहिल्या.

शर्यत संपल्यावर भाऊ रिमोट काखेत मारून कुंपणाशी आले. घामाघूम झाले होते.

"उशीर होतोय का गं माझ्या अंगठ्याला? तुला काय वाटलं?"

"माहीत नाही," वहिनी म्हणाल्या. "मी आज गाडी बघत होते."

"सगळा वेळ?"

"सगळा वेळ."

पलीकडे डॉक्टर कोणाला तरी हाका मारत होते, पुढच्या शर्यतीच्या गाड्या ओळीत लागत होत्या. भाऊंनी उजवा हात डोळ्यांसमोर धरला, अंगठा वाकवला, सरळ केला, पुन्हा वाकवला, आणि कोणा अनोळखी माणसाकडे बघावं तसे त्या अंगठ्याकडे बघत उभे राहिले.