न गोठणारा ट्रे

फ्रीज जुना झाला म्हणून थंड करत नाही, हे वाक्य मिस्त्रींसमोर उच्चारायची कुणाची टाप नव्हती. एखादं गिऱ्हाईक चुकून म्हणालंच, "जाऊ द्या, वय झालं त्याचं, भंगारात घाला," की मिस्त्री भडकलेच. "वय माणसाला असतं. मशीनला बिघाड असतो, आणि बिघाड शोधायचा असतो!" मग ते त्या फ्रीजच्या मागे मांडी घालून बसत आणि कारण सापडल्याशिवाय उठत नसत. सगळी गल्ली त्यांना मिस्त्रीच म्हणायची. खरं नाव बहुधा वीजबिलावर तेवढं उरलं होतं.

अशा माणसाच्या स्वतःच्याच घरचा फ्रीज बिघडावा, म्हणजे दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आणि बिघाड तरी कसला? खालच्या कप्प्यात सगळं थंडगार. फ्रीझरमधले मटार दगडासारखे. पण बर्फाचा ट्रे ओढून बघावा तर त्यात पाणी. फार तर वर एक पातळ पापुद्रा. मिस्त्रींनी थर्मोस्टॅट बदलला. दाराच्या रबरात कागद अडकवून ओढून पाहिला, रबर घट्ट. गॅस तपासला. पुन्हा थर्मोस्टॅट बदलला. ट्रेमध्ये आपलं पाण्याचं पाणीच. फक्त एका ट्रेपुरता रुसलेला फ्रीज त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

रुसलेली बायकोही होती, असं त्यांचं मत होतं. दुकान खाली, घर वर. आधी दुपारचा चहा मिस्त्रीणबाई स्वतः घेऊन यायच्या, स्टुलावर बसायच्या आणि नुकत्याच गेलेल्या गिऱ्हाइकाची अशी नक्कल करायच्या की मिस्त्रींच्या हातातला पाना खाली पडायचा. हल्ली त्या खिडकीतून दोरीला टोपली बांधून थर्मास खाली सोडत.

"लिफ्ट बसवली मी!" वरून ओरडून सांगत.

मिस्त्री हसत, पण आत कुठेतरी टोचायचं. लेकीकडे कायमचं राहायला जायला ते नाही म्हणाले होते, त्याचाच हा राग असणार. संध्याकाळी वर जावं तर बाई भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. विचारलं तर तुटक उत्तर. हात हातात घेतला तर गार.

दोन वर्षांपूर्वी मिस्त्रीणबाईंना मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला होता. ऑपरेशन झालं, औषधं झाली, आणि आता सुटलो असं दोघांनी धरलं होतं. लेक फोनवर म्हणाली, "बाबा, आईचा आवाज इतका खोल का येतोय?"

"अगं, वय झालं आता तिचं," मिस्त्री म्हणाले. "एवढं मोठं दुखणं काढलंय. थकणारच की."

आपण काय बोललो हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

एका दुपारी फ्रीझरमधल्या पंख्याची एक चांगली मोटर त्यांच्या हाती लागली. आपल्याच फ्रीजला लावून बघू म्हणून ते न सांगता वर गेले. दारातच त्यांना आवाज आला. कडाड्, कडकड, कडाड्. स्वयंपाकघरात मिस्त्रीणबाई फ्रीजला पाठ टेकून फरशीवर बसल्या होत्या. मांडीत वाटी, वाटीत बर्फ, आणि तोंडात भरलेला बर्फ त्या चणे खावेत तसा चावत होत्या. नवऱ्याला बघून त्यांनी वाटी पाठीमागे लपवली. त्यातला एक खडा घरंगळत मिस्त्रींच्या पायाशी आला.

"हे काय?"

"काही नाही."

"बर्फ खातेस तू? कधीपासून?"

मिस्त्रीणबाईंनी जरा हिशेब केला. "दोन थर्मोस्टॅट आधीपासून."

मिस्त्री असे हसले की भिंतीला धरून उभं राहावं लागलं. "काखेत कळसा नि गावाला वळसा! अगं, मी गॅस काय तपासला, रबर काय ओढलं..."

"खाऊन झालं की मी पाणी भरून ठेवायची," त्या म्हणाल्या. "राहवतच नाही हो. लाज वाटते, पण राहवत नाही."

त्याही हसल्या, आणि हसता हसता त्यांना धाप लागली. छातीवर हात ठेवून त्या श्वास गोळा करू लागल्या, तेव्हा मिस्त्रींनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. ओठ आणि गाल एकाच रंगाचे झाले होते. मिस्त्री त्यांच्या शेजारी फरशीवर बसले.

"म्हणजे रुसली नव्हतीस तू."

"रुसायलासुद्धा अंगात जोर लागतो."

"मग बोलली का नाहीस?"

त्यांनी लपवलेली वाटी पुढे घेतली. "बोलले असते तर दवाखान्यात नेलं असतंत. तिथं म्हणाले असते, परत आलाय. मागच्या वेळी तुम्ही शटर ओढून माझ्या उशाशी बसलात. माझं अंग भरत गेलं आणि तुम्ही वाळत गेलात. तो चेहरा मला परत बघायचा नव्हता. म्हटलं, खालून तुमची ठोकाठोक ऐकू येते आहे तोवर ऐकून घ्यावी."

मिस्त्रींना लेकीचा फोन आठवला. वय झालं तिचं, असं ते लेकीला म्हणाले होते. कुणाच्या भंगारातल्या फ्रीजबद्दल जे वाक्य ऐकून घेतलं नाही, ते आपल्या माणसाबद्दल आपल्याच तोंडानं बोललो, याची त्यांना भयंकर लाज वाटली.

"उद्या जायचं," ते म्हणाले.

"आणि परत आला असेल तर?"

"तर आला असेल. पण कारण शोधल्याशिवाय मी परक्याचा फ्रीज सोडत नाही. तू तर..." त्यांनी वाटीतला एक खडा उचलून तोंडात टाकला.

डॉक्टरीणबाई लेकीच्या वयाच्या होत्या. त्यांनी मिस्त्रीणबाईंची खालची पापणी ओढून पाहिली. नखं पाहिली. मग विचारलं, "माती, खडू, बर्फ असं काही खावंसं वाटतं का?"

चोरी पकडल्यासारखे दोघे एकमेकांकडे बघू लागले.

"बर्फ," मिस्त्री म्हणाले. "त्यापायी दोन थर्मोस्टॅट गेले."

रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन असायला हवं त्याच्या निम्मंच. "शरीरातलं लोह संपत आलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "म्हणून धाप, म्हणून गारठा, आणि बर्फही बहुतेक म्हणूनच. कॅन्सर झालेल्या वयस्कर माणसांत हे फार दिसतं. पण ती सांगत नाहीत, आणि घरचे वयावर ढकलतात. कधी कधी आम्हीसुद्धा. आता रक्त कुठून झिरपतंय ते बघायला हवं."

"गॅस भरायच्या आधी लीकेज शोधायचं," मिस्त्री पुटपुटले.

"तसंच. फक्त यांना तोवर ताटकळत ठेवायचं नाही. दोन्ही बरोबरच करू."

लोहाची बाटली शिरेतून चढवली. औषध गडद तपकिरी होतं. "अहो, हे मला गंज चढवतायत," मिस्त्रीणबाई म्हणाल्या आणि नर्स खुदकन हसली. मग दुर्बिणीनं आतडं तपासलं, आतला एक तुकडा तपासणीला गेला, आणि त्याची वाट बघणं आलं.

ते दिवस वाईट होते. दुकान उघडं ठेवायचं, असं मिस्त्रीणबाईंनी निक्षून सांगितलं होतं. काम असो नसो, मिस्त्री रिकाम्या पत्र्यावर हातोडी घालत राहायचे. वर ऐकू जावं म्हणून. शेजारचा शिंपी वैतागला, पण कारण कळल्यावर त्यानं नुसतं आपलं दार लोटून घेतलं.

अहवाल आला. ऑपरेशनच्या जुन्या टाक्यांपाशी एक जखम झाली होती, तिथून थेंब थेंब रक्त जात होतं. कॅन्सर परत आला नव्हता. तपासणी मात्र पुढेही चुकवायची नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. जिना उतरताना मिस्त्री डोळे पुसत होते आणि मिस्त्रीणबाई त्यांना म्हणत होत्या, "पायरी बघा, पडाल."

पुढे काही आठवड्यांनी मिस्त्री एका फ्रीजच्या मागे बसले होते. चहाची वेळ टळून गेली तरी टोपली आली नाही. ते काळजीनं उठणार, तोच जिन्यावर पावलं वाजली. सावकाश, मध्ये एकदा थांबून, पुन्हा सुरू झालेली. मिस्त्रीणबाई हातात थर्मास घेऊन दारात आल्या आणि स्टुलावर टेकल्या. धाप होती, पण थोडी. ओठांना रंग आला होता.

"लिफ्ट नादुरुस्त का?" मिस्त्रींनी विचारलं.

"लिफ्ट राहू दे. वरच्या फ्रीजकडे बघा एकदा," चहा ओतत त्या म्हणाल्या. "हल्ली ट्रेमधला बर्फ संपतच नाही. नुसता पडून असतो."

मिस्त्रींनी कप दोन्ही हातांत धरला.

"असू दे," ते म्हणाले. "एवढा एक बिघाड मी दुरुस्त करणार नाही."