अंगठ्याएवढी फट

मित्रांनो, मी एक नवाकोरा डिजेरिडू आहे. नाव अवघड वाटेल, पण मी म्हणजे माणसाच्या छातीएवढ्या उंचीचा, आतून पोकळ लाकडी भोंगा. वाळवीने मला आतून खाल्लं, म्हणून तर मी वाजतो.

सायकली दुरुस्त करणाऱ्या एका माणसाने मला घरी आणलं. त्याचा जुना डिजेरिडू कोपऱ्यात उभा होता, वरपासून खालपर्यंत तडकलेला. बायको गेल्यापासून वर्षभर त्याने त्याला तेलाचं बोट लावलं नव्हतं. जुन्याच्या तोंडावर मेणाचं कडं होतं. ते तिने नवऱ्याच्या ओठांच्या मापाने हाताने घडवलं होतं. कडेला तिच्या अंगठ्याचा ठसा होता. माणसाने माझं नवं मेण खरवडून टाकलं आणि ते कडं अलगद सोडवून मला बसवलं.

पण माझं तोंड रुंद, कडं नीट बसेना. तो जीव खाऊन फुंकायचा आणि माझ्यातून नुसती फुसफूस निघायची.

"बाबा, म्हैस शिंकल्यासारखं वाटतंय," मुलगी स्वयंपाकघरातून म्हणाली.

"म्हशीला निदान शिंकता तरी येतं," तो म्हणाला.

जुन्यावर तो न थांबता सूर धरायचा. गालांतली हवा बाहेर सोडताना नाकाने श्वास आत घ्यायचा. बायको शेजारी शिवत बसायची. आता त्याला तोच सूर हवा होता. फुंकून फुंकून त्याचे ओठ सुजले.

"वाज रे बाबा," तो मला म्हणायचा. "एकदा तरी वाज. तिचा आवाजसुद्धा आठवेनासा झालाय मला."

मित्रांनो, मला स्वतःहून वाजता येत नाही. मी नुसता त्याच्या हातात होतो.

पाचव्या दिवशी त्याने ट्यूबला लावतात तसं साबणाचं पाणी कड्याभोवती लावलं आणि फुंकलं. बुडबुडा आला तो नेमका ठशापाशी; फट तिथेच होती.

मुलगी पाहत होती. "मेण मऊ करून दाबा ना. सगळ्यांची पंक्चर काढता तुम्ही."

"दाबलं तर ठसा जाईल."

ती भांडी घासायला गेली.

कडं मऊ होईपर्यंत तो त्यावर तळहात धरून बसला. मग त्याने डोळे मिटले आणि फटीवर आपला अंगठा दाबला. त्याचा अंगठा मोठा होता. ठसा पुसला गेला.

मग मी वाजलो. आवाज खोल होता, पण माझा होता, जुन्याचा नव्हता. त्याचं नाक रडून चोंदलं होतं, म्हणून सूर एका श्वासापुरताच टिकला. आत भांड्यांचा आवाज थांबला होता.

मित्रांनो, घरात वाद्य असेल तर दुःखाच्या दिवसांतही त्याला तेल लावत जा. ते मागत नाही, गुपचूप तडकतं.

त्या संध्याकाळी त्याने मला तेल लावलं. मग कोपऱ्यातल्या जुन्यालाही लावलं, सावकाश, दोनदा. आता तेलाचा उपयोग नव्हता. त्याला, जुन्याला आणि मला, आम्हा तिघांनाही ते माहीत होतं.