रस बंद

आधीच सांगते, मला तोंड आवरत नाही आणि चूक कबूल करणं तर त्याहून जमत नाही. एक्केचाळीस वर्षं संसार केला, पण नवऱ्याला 'माझं चुकलं' असं मी कधी म्हटलं नव्हतं. वेळ आली नव्हती असं नाही. म्हटलं नव्हतं, एवढंच. यंदा म्हणावं लागलं.

आमच्या ह्यांचं नाव राजाराम. गिरणी बंद पडल्यावर एका बँकेच्या दारात वॉचमन होते, आता घरीच असतात. साखर बारा वर्षांची. नवरात्रात नवी चप्पल घेतली ती उजव्या पायाच्या करंगळीला चावली. चप्पल चावायचीच. पण जखम भरेना. हळद झाली, मलम झालं, शेजारच्या बाईने सांगितलेला पाला झाला. शेवटी मुलगा निलेश आम्हाला परळच्या हॉस्पिटलात घेऊन गेला. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, बोट बघितलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, तीन महिन्यांत साखर खाली आली तर बोट राहील, नाही आली तर काढावं लागेल. एकदा बोट काढलं की पुढे पायाचं काय होईल याची खात्री मी देत नाही, असंही म्हणाले.

मग त्यांनी आम्हाला आहाराच्या मॅडमकडे पाठवलं. श्रेया नाव तिचं, दादरची, निलेशपेक्षा लहान असेल. बोलणं एकदम स्वच्छ, पुस्तकातल्यासारखं. म्हणाली, "आजी, मी इंग्रजी शब्द वापरत नाही. वापरले की लोक मान हलवतात आणि घरी जाऊन भलतंच करतात." मला बरं वाटलं. एकेक करून तिने सगळं सांगितलं. साखर नाही, गूळ नाही, बटाटा नाही, भात मुठीएवढा. कागदावर लिहीत होती. शेवटच्या ओळीखाली तिने दोन रेघा मारल्या. "आणि रस पूर्ण बंद. एक थेंबही नको. लोकांना वाटतं पौष्टिक आहे. आजोबांना ते विष आहे."

कागदावर तसंच होतं. 'रस – पूर्ण बंद.'

आता मालवणी बाईला रस बंद म्हटल्यावर काय कळणार? आमच्या घरात रस एकच, नारळाचा. नारळ आडाळ्यावर, म्हणजे आमच्या विळीवर, खवायचा, वाटायचा, पिळायचा. पहिल्या पिळ्याचा जाडा रस, तो सायीसारखा, सोलकढीला. दुसरा पातळ, तो माशाच्या सारात. बाकी जे ग्लासातून पितात त्याला ज्यूस म्हणतात. लालबागेत जन्म गेला माझा, मोसंबीच्या रसाला कोणी रस म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

घरी आल्यावर मी आडाळो धुऊन माळ्यावर टाकला. मी अर्धवट काही करत नाही. रस बंद म्हणजे ओलं खोबरं बंद, ओलं बंद म्हणजे सुकं बंद. एकाला बंद तर सगळ्यांना बंद. नणंद गावाहून घरी कढवलेलं खोबरेल पाठवते, ती बाटलीसुद्धा ह्यांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवली. ह्यांना सवय, गरम पेजेवर चमचाभर सोडायची. म्हटलं, आता डोक्यालाही नको, उगाच वास येऊन मन जायचं.

रोज बांगड्याचं तिखलं, बिनखोबऱ्याचं. आमटीला खोबऱ्याचं वाटप नाही. सोलकढीच्या जागी फुटी कढी, म्हणजे नुसतं कोकमाचं पाणी, मिरची आणि लसूण. ह्यांनी पहिल्या दिवशी वाटी तोंडाला लावली आणि खाली ठेवली.

"ही कढी न्हय गे. ह्या नुसता रंगाचा पाणी."

"बोट होया मा?" मी म्हटलं.

त्यांनी वाटी परत उचलली. त्यानंतर तीन महिन्यांत जेवणाबद्दल एक शब्द काढला नाही. दिवाळी आली आणि गेली, करंजी दृष्टीस पडली नाही. कुरकुर केली असती तर मला कळलं असतं कसं वागायचं ते. गप्प माणसाशी भांडता येत नाही.

आणि मग मला त्यांची दया आली. सगळं खरं तिथून बिघडलं. माणसाचं एवढं खाणं काढून घेतलं, अंगात ताकद कुठून यायची? आजारी माणसाला मोसंबी देतात हे शेंबडं पोरगंही सांगेल. मी मार्केटातून मोसंबी आणायला लागले. निलेश कामाला गेला की अकरा वाजता चार मोसंब्यांचा ज्यूस, मोठा स्टीलचा ग्लास भरून. साखरेचा कण नाही. चार हातांनी पिळल्यासारखा शेवटपर्यंत पिळायचे.

"माका नको गे," ते म्हणायचे. "गोड लागता."

"फळाचा गोड तो. गपचूप घेवा."

घ्यायचे. डोळे मिटून, औषध घेतल्यासारखे. मी ग्लास रिकामा होईपर्यंत समोरून हलत नसे.

ह्याच दिवसांत निलेशने नवीन खूळ काढलं. सकाळी जिमला जायच्या आधी काळी कॉफी करायची, तिच्यात दोन चमचे खोबरेल ओतायचं, वर डब्यात मिळते ती नारळाची साय, आणि मिक्सरमधून फिरवून फेस आणायचा. खोबरेल कुठलं? माझ्या नणंदेचं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हटलं, "अरे, केसांना लाव, पोटात काय ओततोस?"

"आई, हे फॅट आहे. दुपारपर्यंत भूक लागत नाही. ऑफिसात अर्धे लोक हेच पितात."

"बाप फुटी कढी पितोय आणि तू त्याच्यासमोर खोबऱ्याचा फेस पितोस. लाज आहे?"

"पण बाबांचं खोबरं कशाला बंद केलंयस तू एवढं? रोज वाटीभर नको, ठीक. पण नारळाने शुगर अशी वाढत नाही गं. मी वाचलंय."

"तू वाचलंयस. ती शिकलीय." मी फ्रिजवरच्या कागदावर बोट ठेवलं. "हे काय लिहिलंय? वाच."

त्याने वाचलं. तोही माझ्याच हातचं खाऊन वाढलेला. "रस पूर्ण बंद," म्हणाला आणि जिमची बॅग उचलली. त्या कागदावर आम्ही तिघं रोज बघत होतो आणि तिघांना एकच दिसत होतं.

पहिल्या महिन्याचा रिपोर्ट आला. साखर खाली यायच्या ऐवजी वर गेली होती. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या. दुसऱ्या महिन्यात आणखी वर. इन्सुलिन सुरू झालं. ह्यांचं वजन उतरलं, जिना चढताना धाप लागायला लागली, म्हणून मी चार वाजताचा दुसरा ग्लास सुरू केला. कधी डाळिंबाचा, संत्री आली की संत्र्याचा.

त्या दुसऱ्या महिन्यात डॉक्टरांनी विचारलं, "पथ्य पाळताय ना? भात? गोड? रस?"

"सगळं बंद," मी छाती काढून सांगितलं. "रसाचा थेंब नाही घरात. मी स्वतः बघते."

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि ह्यांच्याकडे बघितलं. "काका, मग खरं सांगा. बाहेर काय खाता?"

"काही नाही साहेब."

"काही नाही तर हे आकडे कुठून येतात?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मला तेव्हाच पटलं होतं, की हा माणूस चोरून खातो.

मग मी जे केलं ते सांगायला बरं वाटत नाही, पण केलं. त्यांच्या शर्टाचे खिसे तपासले. शर्टाचा वास घेतला. संध्याकाळी ते खाली कट्ट्यावर बाबुरावांबरोबर बसतात, जुने गिरणीतले सोबती. मी बाबुरावांना गाठलं आणि विचारलं, ह्यांना काय खायला घालता? बाबुराव म्हणाले, "वहिनी, तो माझ्याकडचा चणासुद्धा घेत नाय." मी म्हटलं, तुम्ही दोघं एकाच माळेचे मणी. कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्यालाही विचारून आले. त्याने चार गिऱ्हाइकांसमोर 'नाही' म्हणून सांगितलं. संध्याकाळपर्यंत बिल्डिंगभर झालं, राजाराम घरच्यांना फसवून मिठाई खातो. ते कट्ट्यावर जायचे बंद झाले.

एकदाच म्हणाले. मी गाद्या घालत होते.

"मी भायर कायच खावक नाय. तुका खोटा वाटता?"

"मगे साखर खयसून येता? खाई त्याला खवखवे."

निलेशही बोलला. मी तिथेच होते. तो वाईट बोलला नाही, उलट समजावणीच्या सुरात बोलला. "बाबा, एकदा खाल्लं असेल तर सांगून टाका. आम्ही रागावणार नाही. पण खोटं नका बोलू." हे भिंतीकडे तोंड करून झोपले. त्यानंतरचा महिना मी त्यांच्याशी कामापुरतं बोलले. ज्यूसचा ग्लास मात्र दोन्ही वेळा दिला. राग जेवणापाण्यावर काढायचा नाही असं माझं पहिल्यापासून आहे.

जानेवारीत बोट काढलं. करंगळी आणि तिच्याखालचं थोडं. डॉक्टर म्हणाले, तूर्त एवढ्यावर थांबलंय.

तिसऱ्या दिवशी दुपारी श्रेया वॉर्डात आली. फाइल चाळली, तोंड उतरलं तिचं. मला बाहेर पॅसेजमध्ये घेऊन गेली आणि म्हणाली, "आजी, सकाळी उठल्यापासून काय काय देता ते सांगा. काहीही सोडू नका."

मी सांगायला लागले. सकाळी बिनसाखरेचा चहा, एक भाकरी. अकरा वाजता ज्यूस.

"कसला ज्यूस?"

"मोसंबीचा. साखर न घालता. चारला परत एक."

"आजी, मी रस बंद सांगितला होता ना? खाली दोन रेघा मारल्या होत्या."

"बंदच आहे," मी म्हटलं. मला रागच आला. "तीन महिने नारळ फोडला नाही मी. आडाळो माळ्यावर आहे."

"नारळ?" ती म्हणाली. "नारळाचं कोण बोललं? रस म्हणजे फळांचा रस. मोसंबीचा, संत्र्याचा, उसाचा. त्यात सगळी साखरच असते. थोडं खोबरं तर त्यांना चाललं असतं."

उसाच्या रसाच्या दुकानावर रसवंती असं लिहिलेलं असतं. लालबागेत, परळला, दादरला, कितीतरी वेळा मी त्या पाटीवरून गेले असेन. आंब्याच्या दिवसांत हा कागद हातात आला असता तर आमरस तरी डोक्यात आला असता. श्रेया रडायला लागली. म्हणत होती, "मी ज्यूस म्हणायला हवं होतं. मी मुद्दाम म्हटलं नाही." पोरगी लहान आहे. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तुझी चूक नाही म्हटलं. आणि नव्हतीच. घरात एकाने मला सांगितलं होतं की नारळाने साखर वाढत नाही, दुसऱ्याने सांगितलं होतं की ज्यूस गोड लागतो. मी दोघांनाही गप्प केलं होतं.

मी आत गेले. ते जागे होते. पाय उशीवर, पांढऱ्या पट्टीत. मी स्टुलावर बसले आणि सगळं सांगितलं. रस म्हणजे काय ते, मोसंबी म्हणजे काय ते. दिवसाला दोन ग्लास मी माझ्या हाताने दिले, समोर उभी राहून दिले, हे सांगितलं. ते ऐकत होते.

"माझा चुकला," मी म्हटलं. तोंडातून निघताना जड गेलं, पण निघालं. मला वाटलं आता बोलतील. पायाचं बोलतील, त्या काढलेल्या बोटाचं बोलतील. शिव्या दिल्या असत्या तरी मी ऐकून घेतल्या असत्या.

ते वर पंख्याकडे बघत होते.

"म्हणजे," ते म्हणाले, "मी चोरून खावक नाय, ह्या तुका पटला?"

"पटला."

त्यांनी डोळे पुसले आणि उशीखालून फोन काढून माझ्या हातात दिला.

"मगे निलेशाक सांग. आताच सांग. तेका पण तसाच वाटता."