पाचवं तपेलं

बेगोन्याबाईंनी चिखलाचे दोन्ही हात माझ्या जावेच्या तांब्याच्या तपेल्यात कोपरापर्यंत बुडवले, आणि मी डोळेच मिटून घेतले. उघडले तेव्हा बाई खळखळून हात धुवत होत्या आणि झांबिला, माझी थोरली जाऊ, हसऱ्या तोंडाने त्यांच्यापुढे पंचा धरून उभी होती.

तशी बाईंची काही चूक नव्हती. गावचं नळाचं पाणी वळणापर्यंत येऊन थांबलेलं. तिथून पुढे आमची, रोमा जमातीच्या तांबटांची गल्ली आणि गुडघाभर चिखल. युरोपात सगळ्या माणसांना सारखा हक्क आहे असं कागदावर म्हणे लिहिलंय. तो कागदही वळणावरच थांबला असावा. बाई युरोपीय संघाकडून आमची गल्ली पाहायला आल्या होत्या, तेही सात महिन्यांचं पोट घेऊन, आणि नेमक्या आमच्या दारात घसरून हातांवर सावरल्या. समोर बाकावर पाणी दिसलं, धुतले हात. ते भांडी धुवायचं तपेलं आहे हे त्यांना कुठून कळणार? आमच्यात प्रत्येक धुण्याचं भांडं वेगळं. अंगाचा मळ ज्यात पडला ते पुन्हा अन्नाला लावायचं नाही. घासा नाहीतर उकळा, विटाळलं ते विटाळलं.

त्यातून हे तपेलं माझ्या थोरल्या दिरांनी, फार्दींनी केलेलं. शेवटचं. हात थरथरायला लागले होते तरी हातोडी सोडवत नव्हती. ठोके वेडेवाकडे पडले म्हणून विकायला काढलं नाही. झांबिला म्हणाली, हे माझं. दोघांना मूलबाळ झालं नाही. ते गेल्यावर तिच्याजवळ राहिलं ते एवढंच.

बाईंबरोबर सरपंच आले होते. नळ आणखी पुढे न्यायचा की नाही, हे बाई त्याच दिवशी लिहून देणार होत्या. बाई स्पेनच्या, आणि मी स्पेनमध्ये सात हंगाम स्ट्रॉबेरी खुडलीय, म्हणून दुभाषी मीच. सरपंच म्हणाले, ह्या लोकांना विहीर आहे, नळ कशाला? अंघोळ तरी करतात का? आता हेही मलाच बाईंना सांगावं लागलं.

बाईंनी वही उघडली आणि झांबिलाला विचारलं, दिवसाला पाणी किती लागतं, कशाकशाला लागतं. झांबिला म्हणाली, धुणी पाच, आणि विहिरीच्या खेपा अकरा. अडुसष्ट वर्षांची बाई ती. भिंतीशी ओळीने मांडलेली भांडी तिने एकेक दाखवली. हे तोंडाचं, हे वरच्या अंगाच्या कपड्यांचं, हे खालच्या कपड्यांचं, हे फरशीचं. आणि तिथे थांबली.

बाईंनी बोटं मोजली. म्हणाल्या, तुम्ही पाच सांगितलीत आणि दाखवलीत चारच. मग भांडी कशात धुता?

मी आपलं ठोकून दिलं, ते शेजारी दिलंय.

झांबिलाला परकी भाषा येत नाही, पण माझं तोंड तिला वाचता येतं. "काय सांगितलंस?"

"शेजारी दिलंय म्हटलं."

"खरं ते सांग."

"जाऊबाई, त्यांना लागेल मनाला. हाताशी आलेला नळ जाईल."

"पाणी कशाला लागतं तेच विचारायला आल्यात ना त्या? मग तेच लपवून कसं चालेल?"

सांगितलं. बाई कानापर्यंत लाल झाल्या. सरपंचांनी मांडीवर थाप मारली. म्हणाले, "घ्या! म्हणजे आता हे सोवळे आणि आपण घाणेरडे." हे मात्र मी शब्दन् शब्द सांगितलं, मोठ्या आवडीने. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी हळूच विचारलं, आता त्या भांड्याचं काय होणार?

झांबिलाने तपेल्यातलं पाणी आलुबुखाऱ्याच्या मुळाशी ओतलं, पंचाने ते आतून-बाहेरून कोरडं केलं आणि बाईंच्या हातात दिलं.

"तुम्हाला त्याचा विटाळ नाही. घेऊन जा, कामाला येईल."

बाई नको नको म्हणत होत्या. मग त्या वेड्यावाकड्या ठोक्यांवरून बोट फिरवत विचारलं, कुणी केलंय? झांबिला म्हणाली, माझ्या नवऱ्याने. गाडीपर्यंत बाईंनी ते पोटाशी धरून नेलं.

गाडी गेल्यावर मी तिला फैलावर घेतलं. एवढा उदारपणा कुणी सांगितला होता? ती म्हणाली, इथे काय, अंगणात पालथं पडलं असतं आणि मी रोज बघत बसले असते. मग रडली थोडी. मीही रडले. रडून झाल्यावर आम्ही विहिरीवर गेलो.

शरदात नळ आला. फीत कापायला अर्थात सरपंचच, आणि भाषणात सगळं श्रेयही त्यांचंच. झांबिलाने भांड्यांसाठी हिरवा प्लास्टिकचा टब आणला. अकरा खेपा वाचल्या. आता दुपारी ती माझ्या दारात येऊन बसते आणि माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवते.

वसंतात बेगोन्याबाईंचं पाकीट आलं. आत फोटो. तपेल्यात पाणी, पाण्यात फेस आणि फेसात एक गुटगुटीत बाळ बसलेलं, दोन्ही मुठींनी काठ घट्ट धरून.

"अगंबाई," मी म्हटलं, "ढुंगण बुडवलंय की पोराचं! फार्दीभावोजींनी बघितलं असतं तर?"

झांबिलाने फोटो उजेडाला धरला. बराच वेळ पाहिला. काठाखालचे ठोके दिसत होते, त्यांवरून तिने अंगठा फिरवला.

"सावेता," ती म्हणाली, "पाणी फार गरम नसेल ना गं?"

"फोटोत कसं कळणार ते?"

"बघितलं असेल तिने कोपर बुडवून," ती स्वतःशीच म्हणाली. फोटो फळीवर उभा ठेवला, नळ सोडला आणि हिरव्या टबात बटाटे धुवायला बसली.