धावत्या भेटीचं उदाहरण

फ्लाइंग व्हिजिट.

अर्थ : धावती भेट. उभ्या उभ्या येऊन जाणं. इंग्रज उडतो, आपण धावतो. बूड टेकायला सवड कुणालाच नाही.

"शेवटचं वाक्य खोड," कोशकारबाई म्हणाल्या. "कोशात थट्टा चालत नाही."

मुलानं खोडलं. तो सकाळी आला होता, दुपारी त्याचं विमान. बावीस वर्षं जवळजवळ एकटीनं वाक्प्रचारांचा कोश ओढत आणलेली आई आज "हात दुखतोय रे, चार नोंदी तू घे" म्हणाली, तेव्हा त्यानं घड्याळाकडे बघतच कळफलक पुढे ओढला होता.

बाईंचा हात ठणठणीत होता. अक्षरं दिसत नव्हती.

उपयोग : पाहुणा म्हणाला तर सबब. यजमान म्हणाला तर

"तर काय, आई?"

"तक्रार."

"मला टोमणा?"

"चोराच्या मनात चांदणं! पुढे चल."

"बरं बाई, उदाहरण बोल. तासाभरात निघायचंय."

उदाहरण. इथं बाईंचा कायदा कडक होता. वाक्य पदरचं घालायचं नाही; कानांनी ऐकलेलंच घ्यायचं, आणि कोण, कुठे, कधी बोललं तेही खाली टिपायचं. या कायद्यापायी त्यांनी दोन मदतनीस घालवले होते.

त्या एका दमात सांगून मोकळ्या झाल्या.

उदाहरण : मुलगा फ्लाइंग व्हिजिटला आला होता, म्हणून डोळ्याच्या ऑपरेशनचं त्याला सांगायचं राहून गेलं.

बोटं सवयीनं पूर्णविरामापर्यंत गेली. तिथं थबकली.

"कोण म्हणालं हे?"

बाई टेबलावरचे कागद सारखे करू लागल्या.

"आई, कायदा तुझाच आहे. कोण, कुठे, कधी?"

खोटं नाव सांगणं सोपं होतं. बावीस वर्षांत सांगितलं नव्हतं.

"अजून कुणीच नाही," त्या म्हणाल्या. "परवा ऑपरेशनच्या वेळी शेजारीण विचारेल ना, मुलगा नाही का आला? तेव्हा मी म्हणेन."

मग खोडायची एकच कळ, दाबून धरलेली.

"काढलं. न बोललेलं वाक्य कोशात घेता येत नाही." तो आईकडे वळला. "किती वाजता आहे?"

"सकाळी आठला. सहीला घरचं माणूस लागतं म्हणतात."

तो फोन घेऊन खिडकीशी गेला. परवापर्यंत यायला जमणार नाही, एवढं बाईंना ऐकू आलं. परत येऊन बसला.

"आता इथं उदाहरण कुठलं घालू?"

"राहू दे कोरं. पुढची नोंद घे."