नारिंगी माशी

"तुला भीती कुठल्या वेळेला वाटते?" ऑरव्हल टिन्सलींनी विचारलं.

पिस्तुलाची कुलूपबंद पेटी मी त्यांच्या टेबलावर ठेवली होती. कडेवर विनी होती, अकरा महिन्यांची, तिला टेबलावरच्या सगळ्या कानशी हव्या होत्या. मला वाटलं होतं, ते आधी पेटी उघडतील.

"म्हणजे?"

"घड्याळात किती वाजता? प्रत्येकाची एक वेळ असते."

"पावणेपाच," मी म्हणाले. जरा जास्तच पटकन म्हणाले.

"मग पावणेपाचला ये. आत्ता साडेअकरा वाजलेत. या ट्यूबलाइटखाली सगळ्याच माश्या सुंदर दिसतात, पोरी. घरी गेल्यावर रडशील."

माशी म्हणजे पिस्तुलाच्या नळीच्या टोकावरचा तो बारीक उंचवटा. मागच्या खाचेतून बघायचं आणि माशी खाचेच्या मधोमध आणायची, एवढंच नेम धरण्याचं शास्त्र. आमच्या पिस्तुलाची माशी काळी होती आणि खाचही काळी. गॅरेटला ते चालायचं. पण गॅरेट, माझा नवरा, दोन आठवडे डाकोटातल्या तेलविहिरींवर असतो आणि दोन आठवडे घरी. तो नसतो तेव्हा घरात मी आणि विनी. गावापासून नऊ मैल. शेरीफच्या माणसाला फोन केला तर यायला चाळीस मिनिटं, रस्त्यावर बर्फ नसेल तर. कॉलेजात मी संख्याशास्त्र शिकले आहे. आमच्या काउंटीत कुणाच्या घरात कुणी शिरण्याची शक्यता किती नगण्य आहे हे मी कागदावर मांडून दाखवू शकते. कागद दुपारी उपयोगी पडतो.

टिन्सलींची खोली पेंड-चाऱ्याच्या दुकानाच्या मागच्या अंगाला. बाहेर जाताना गल्ल्यावर डार्लीन होती. तिच्या नजरेतून गावातलं काही सुटत नाही.

"कुठली वेळ सांगितलीस?" तिनं विचारलं.

"पावणेपाच."

"शहाणी आहेस. माझ्या भावानं पहाटेचे तीन सांगितले होते. ऑरव्हल म्हणाला, ठीक आहे, ये. म्हातारा इथे कॉफी करून बसला, आणि आमचा वाघ घरी घोरत पडलेला. म्हणजे बघ भीती किती खरी होती ती."

संध्याकाळी विनीला डार्लीननेच ठेवून घेतलं. टिन्सली मला मागच्या अंगणात घेऊन गेले. नोव्हेंबर संपत आला होता, सूर्य टेकड्यांमागे गेला होता आणि आकाश नुसतं पत्र्यासारखं. कुंपणाच्या फळ्यांवर एक जुना तपकिरी कोट टांगलेला होता. त्यांनी माझ्या हातात निळ्या प्लास्टिकचं खोटं पिस्तूल दिलं. खिशातून एक चपटी डबी काढली. आत कप्पे, कप्प्यांत माश्या. ते प्रत्येक माशी बोटाच्या टोकानं चाचपून उचलत होते. मी त्यांच्या बोटांकडे बघत राहिले. तांदूळ निवडणारं कुणी न बघता निवडतं तसं.

"डोळे मीट. हात वर कर. आता उघड. पहिलं काय दिसलं?"

"कोट."

"माशी?"

"नाही दिसली."

"पांढरे ठिपके होते ते. दुकानात लोक यांच्यावरच भाळतात. पुढची."

पुढची हिरवी होती, उजेड ओढून घेणाऱ्या कांडीची. सकाळी मी ती काचेखाली बघितली होती तेव्हा ती दिव्यासारखी पेटलेली होती. आता ती विझून शेवाळी झाली होती. त्याच्या पुढची, काळोखात आपोआप चमकणारी. तिला अजून पुरेसा काळोख मिळाला नव्हता, त्यामुळे तीही गप्प.

"हा मधला वेळ मेला कुणाचाच नसतो," टिन्सली म्हणाले. "दिवसाचं सामान चालत नाही, रात्रीचं चालत नाही. डोळे मीट. आता?"

मी डोळे उघडले आणि कोटाच्या अलीकडे, माझ्याच हातांच्या टोकाला, एक नारिंगी टिकली उभी होती. मी शोधली नव्हती. तीच आली होती.

"नारिंगी," मी म्हणाले.

"मध्ये चमकणारा ठिपका आहे, त्याला जाड नारिंगी कडं. मागची खाच साधी काळी ठेवायची, तिथे रंगरंगोटी नको. नक्की दिसतेय ना?"

"अगदी नीट."

"छान," ते म्हणाले. "नारिंगीच शेवटपर्यंत टिकते."

आत येऊन त्यांनी खरं पिस्तूल घेतलं. रिकामं आहे याची खात्री त्यांनी दोनदा केली, मग गोळी बसते त्या कोठीत करंगळी घालून तिसऱ्यांदा. वरचा भाग सोडवून शिकंज्यात धरला.

"आता सांग. पावणेपाचला काय होतं?"

मला सांगायचं नव्हतं. पण आपल्याकडे पाठ करून काम करणाऱ्या माणसाला सांगणं सोपं जातं.

"एक पिकअप थांबतो. फिकट रंगाचा. आमच्या वाटेच्या तोंडाशी, गुरं अडवायची लोखंडी जाळी आहे ना, तिथे. दिवे बंद. दहा मिनिटं, कधी वीस. आत टोपी घातलेला माणूस दिसतो. उतरत नाही. मग पूर्ण अंधार झाला की दिवे लावतो आणि जातो."

त्यांचा हात थांबला नाही. जुनी माशी पितळी दांड्याच्या तीन ठोक्यांत निघाली.

"रोज?"

"आठवड्यातून तीनचार वेळा."

"नवरा नसतो तेव्हाच?"

"तो असताना माझं लक्ष नसतं."

ते यावर हसतील असं मला वाटलं. हसले नाहीत. "टपालपेटीला नारिंगी चकाकती पट्टी लावलीय, तीच जागा?"

"तीच. रस्त्यावरचा बर्फ ढकलणारा नांगर पेटी उडवून नेतो म्हणून मी लावली."

"हं." नवी माशी त्यांनी खोबणीच्या तोंडाशी बोटानं लावली. "मग तू काय केलंस?"

"गेल्या गुरुवारी मी पिस्तूल काढलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याच्यावर धरलं. विनी मागे खुर्चीत बसून गाजर खात होती. माशी दिसेचना मला. काळ्यावर काळं. म्हणून तर आले."

त्यांनी पितळी दांडा पुन्हा उचलला.

"साठ पावलं असतील," ते म्हणाले.

"सत्तर."

"सत्तर पावलांवरून तुझ्याच्यानं काही झालं नसतं. गाडीला भोक पडलं असतं फार तर." एक ठोका. "किंवा माणसाला. सांगता येत नाही." आणखी एक ठोका. "एक ऐक. ही माशी तुला तुझा हात कुठे आहे ते दाखवते. समोर कोण आहे ते नाही दाखवत. त्यासाठी दिवा लागतो. आधी अंगणातला दिवा लाव. मग हाक मार, नाव विचार. थांबलेला माणूस नुसता थांबलेला असतो. दारापर्यंत आला तर गोष्ट वेगळी."

"आणि आला तर?"

"तर ही नीट बसलेली असली पाहिजे." त्यांनी भाग शिकंज्यातून काढला, डोळ्याजवळ नेला, अगदी पापणीला लागेल इतका जवळ, आणि मग माझ्यापुढे धरला. "तुझे डोळे तरुण आहेत. मधोमध आहे?"

"केसभर डावीकडे."

त्यांनी एक हलका ठोका दिला. "आता?"

"थोडी अजून."

"आता?"

"आता बरोबर."

"तू म्हणतेस म्हणजे बरोबर," ते म्हणाले आणि फडक्यानं पिस्तूल पुसलं. दोनदा पुसलं. लहान मुलाचं तोंड पुसतात तसं. गोळ्या वेगळ्या, पिस्तूल वेगळं, दोन्ही पेट्यांना कुलूप, हे त्यांनी मला त्यांच्यासमोर करायला लावलं.

बाहेर उजेड जवळजवळ संपला होता. "तुम्ही नाही निघत?" मी विचारलं.

"मी थांबतो जरा. काळोख होऊ दे. मग गाडीच्या दिव्यात रस्त्याच्या कडेचे खांब चमकतात." एवढं बोलून त्यांनी फडकं पुन्हा उचललं, नको ते बोलून गेल्यासारखं.

विनीला घेऊन मी मागच्या बाजूनं गाडीकडे आले. माझ्या गाडीशेजारी त्यांचा पिकअप उभा होता. साईच्या रंगाचा. आतल्या आसनावर फेल्टची टोपी पडली होती. ते राहतात आमच्याही पुढे, ओढ्यापलीकडे. तिकडे जायला दुसरा रस्ता नाही. मी विनीला तिच्या खुर्चीत बांधलं, पट्टा लावला, आणि मग तो पट्टा धरून तशीच उभी राहिले. टपालपेटीवरच्या पट्टीचं मी त्यांना सांगितलंच नव्हतं.

खिडकीतून ते दिसत होते. दिवा बंद करून टेबलापाशी बसले होते, हात मांडीवर. काळोख व्हायची वाट बघत. मी दार ढकलून आत जाऊ शकले असते. काय म्हणायचं ते मला सुचलं असतं तर गेले असते. माफ करा, मी तुमच्यावर पिस्तूल धरलं होतं. आणि त्यांनी तरी काय म्हणायचं? की मला संध्याकाळचं दिसत नाही, तुझी पट्टी दिसते तेवढीच? इथे माणसाच्या हातातून गाडी गेली की माणूस मुलीच्या गावी एका खोलीत जातो, हे सगळ्यांना माहीत आहे. मी गाडी सुरू केली.

दुसऱ्या दिवशी गावातून नारिंगी पट्टीची तीन वेटोळी आणली. विनीला पाठीवर बांधून जाळीपासून वळणापर्यंत कुंपणाच्या सगळ्या खांबांना लावली, एकतीस खांब. गॅरेट फोनवर म्हणाला, "विमानं उतरवायचीत का तुला?" मी म्हटलं, नांगरवाल्यासाठी.

पावणेपाचला मी खिडकीत उभी राहिले. कुणी थांबलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही.

पुढच्या सोमवारी कोंबड्यांचं खाद्य घ्यायला गेले तर मागच्या दाराला पाटी होती, जाड काळ्या अक्षरांत. तीनपर्यंतच.

"ऑरव्हलनं वेळ बदलली," डार्लीन म्हणाली. "चाळीस वर्षं साडेचारपर्यंत बसायचा, गिऱ्हाईक असलं तर उशिरापर्यंत. म्हटलं, काय रे, बाई ठेवलीस की काय? तर म्हणतो, दिवसाउजेडी घरी गेलेलं बरं, लोकांना त्रास नको. कुठल्या लोकांना, कुणास ठाऊक. आणि संध्याकाळच्या वेळा सांगणारी गिऱ्हाइकं गेलीच आता."

"भीतीच्या वेळा," मी म्हणाले.

"त्याच. दुपारी कोण भितं?"

आता मी तीनच्या सुमारास भांडी विसळायला घेते. सव्वातीनला तो साईच्या रंगाचा पिकअप येतो, हळू, रस्त्याच्या अगदी मधून. जाळीपाशी वेग कमी होत नाही. इकडच्या रिवाजाप्रमाणे स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलली जातात, घराकडे नाही, खांबांच्या रांगेकडे. मीही खिडकीत ओला हात वर करते. मी त्यांना दिसत असेन असं नाही.

मग पावणेपाच होतात. पेटी कपाटात वर आहे, तिच्यात नारिंगी माशी बरोबर मधोमध बसलेली आहे. मी अंगणातला दिवा लावते. विनी काचेला बोट लावून रस्त्याकडे बघते. एकेक करून एकतीस खांब करडे होतात, आणि जाळीपाशी कुणी थांबलेलं नसतं.